बोधनविज्ञानाकडून भाषा मॉडेलांच्या सुरक्षिततेकडे : बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात 'भाताला औषध मारलं' आणि 'तापाला औषध घेतलं' या दोन्ही वाक्यांत शब्द एकच असतो. 'त्यानं औषध पिलंय' हे वाक्य कानावर पडले की मात्र घरातले कोणीही 'कसले औषध?' असे विचारत बसत नाही. मिळेल ती गाडी काढून दवाखाना गाठतात, कारण इथे औषध म्हणजे कीटकनाशक, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. हेच वाक्य एखाद्या घाबरलेल्या मुलाने मोबाइलवरच्या भाषा मॉडेलला लिहिले, तर ते त्याचा अर्थ काय लावील, किती वेळा बरोबर लावील, आणि चुकले तर कशामुळे चुकले हे आपण कसे ठरवणार? पहिला प्रश्न कोणीही विचारून पाहू शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर काढायचे तर प्रयोग रचण्याचे शिक्षण लागते, आणि ते शिक्षण मानसशास्त्राच्या व कॉग्निटिव्ह सायन्सच्या, म्हणजे बोधनविज्ञानाच्या, विद्यार्थ्याला मिळालेले असते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र शिकलेली मुलेमुली मला विचारतात, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेचे संशोधन हे कॉम्प्युटर इंजिनिअरांचेच क्षेत्र आहे का, आणि नसेल तर त्यात शिरायचे कसे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि जो स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर विसंबता येत नाही, अशाचा अभ्यास कसा करावा हे बोधनवैज्ञानिकाला शिकवलेले असते, आणि या क्षेत्रात नेमके तेच लागते.

हातात आधीपासून काय आहे

भाषा मॉडेल प्रथम प्रचंड मजकुरावर 'पुढचा शब्दखंड कोणता' हे ओळखायला शिकते. त्यानंतर माणसांना दोन-दोन उत्तरे दाखवून 'यातले बरे कोणते' असे विचारले जाते आणि त्या पसंतीवरून मॉडेलला वळण लावले जाते. माणसांच्या पसंतीवरून शिकवण्याची ही रीत २०१७ मध्ये जिथे मांडली गेली तो निबंध साध्या खेळांविषयी आणि यंत्रमानवांच्या हालचालींविषयी होता. २०२२ पर्यंत ती भाषा मॉडेलांच्या घडणीचा मुख्य भाग झाली. म्हणजे या सगळ्या यंत्रणेच्या मधोमध माणसाचा निवाडा बसलेला आहे, आणि माणसाचा निवाडा कुठे घसरतो हे मानसशास्त्र शंभर वर्षे तपासत आले आहे. जेफ्री अर्व्हिंग आणि अमांडा अस्केल यांनी २०१९ मध्येच असा निबंध लिहिला होता, की माणसांना विचारून जर यंत्राला मूल्ये शिकवायची असतील, तर त्या विचारण्याचा अभ्यास करायला समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हवेत. तो निबंध अवश्य वाचा, कारण तुमच्या अर्जात तुम्ही जे मांडू पाहाल त्याचा पाया तिथे आहे.

माणसाला आपल्या मताशी सहमत होणारा आवडतो. अशा पसंतीवर वाढलेले मॉडेल वापरणाऱ्याची री ओढायला शिकते. तुम्ही ठामपणे चुकीचे बोललात तर ते आपले बरोबर उत्तर सोडून तुमच्यामागे येते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीला आपल्या मॉडेलची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली, ती याच अतिरेकी होयबापणामुळे. बाकीच्यांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की माणूस डोळ्यांना दिसते तेही सोडून त्यांच्यामागे जातो का, हे तपासणारे सॉलोमन ॲशचे १९५१ चे रेषांच्या लांबीचे प्रयोग ज्याने अभ्यासले आहेत, त्याला इथे लगेच प्रश्न सुचायला हवेत : दबाव एकाचा असला तर काय होते, तिघांचा असला तर काय होते, सोबत एक तरी असहमत असला तर मॉडेल टिकून राहते का?

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ च्या निबंधात एक साधा प्रयोग सांगितला आहे. गिऱ्हाइकांसमोर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ठेवले होते, चारही अगदी एकसारखे. सर्वांत जास्त पसंती अगदी उजवीकडच्या जोडाला मिळाली. कारण विचारल्यावर त्यांनी विणीचा, पोताचा दाखला दिला, आणि जागेचा परिणाम झाला असेल का असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते नाकारले. आता २०२३ मधले एक संशोधन पाहा. मॉडेलला आधी काही सोडवलेली उदाहरणे दाखवली आणि प्रत्येकाचे बरोबर उत्तर मुद्दाम पहिल्या पर्यायावर ठेवले. नंतरच्या प्रश्नात मॉडेल पहिल्या पर्यायाकडे झुकू लागले, आणि पायरीपायरीने जे स्पष्टीकरण त्याने लिहिले त्यात त्या झुकण्याचा उल्लेखही नव्हता. मॉडेल आपले विचार लिहून दाखवते, तेव्हा ते वाचून त्याच्यावर पहारा ठेवता येईल, अशी अनेकांची आशा आहे. ती आशा कितपत खरी धरावी, हा आज सुरक्षिततेतला कळीचा प्रश्न आहे, आणि माणसाच्या आत्मनिवेदनाविषयी हाच प्रश्न आपल्या शास्त्राने फार आधी हाताळला आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. माणसावरच्या गाजलेल्या चाचण्या उचलून मॉडेलला देऊ नका, कारण त्या चाचण्या, त्यांची उत्तरे आणि त्यांवरच्या चर्चा मॉडेलने शिकताना वाचलेल्या असतात. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे लहान मुलांना कळते का, याची १९८३ पासून प्रसिद्ध असलेली कसोटी मॉडेले सोडवतात असे जेव्हा जाहीर झाले, तेव्हा टोमर उलमन यांनी २०२३ मध्ये तिच्यात किरकोळ बदल केले. या कसोटीच्या एका रूपात पिशवीवर चुकीची चिठ्ठी असते, आणि ती न उघडता चिठ्ठी वाचणारा आत काय आहे असे समजेल, हे विचारतात. उलमन यांनी ती पिशवी पारदर्शक केली, म्हणजे आत काय आहे ते पाहणाऱ्याला दिसतेच. तरीही तो चिठ्ठीवरच विश्वास ठेवील, हे जुनेच उत्तर त्या वेळचे मॉडेल देत राहिले. आपल्याकडे हेच करायचे तर काचेच्या बरणीवर 'कुंदा' अशी चिठ्ठी लावा आणि आत करदंट ठेवा. बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्टही अशा वेळी मनात ठेवावी. तो गणिते सोडवतो अशी ख्याती होती; ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवून दिले, की घोडा विचारणाऱ्याच्या शरीराच्या नकळत होणाऱ्या हालचाली ओळखून खूर आपटणे थांबवत असे, आणि विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की तो चुकत असे.

नव्याने काय शिकावे लागेल

पायथन शिकणे अपरिहार्य आहे, आणि रोज दीड-दोन तास दिले तर सहा महिन्यांत कामापुरते येते. भाषा मॉडेलांची आजची रचना, जिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, ती २०१७ मध्ये मांडली गेली. तिच्यात शब्दखंड एकमेकांकडे 'लक्ष' कसे देतात, हे कागदावर हाताने आकडे मांडून एकदा तरी सोडवा. एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत. सुरक्षिततेची ओळख करून देणारे ब्लूडॉट इम्पॅक्टचे अभ्यासक्रम आणि हाताने कोड लिहून शिकवणारे अरीनाचे धडे इंटरनेटवर उपलब्ध आहेत. महागडे यंत्र घेऊ नका. ब्राउझरमध्येच कोड चालवू देणाऱ्या गूगल कोलॅब या सेवेवर गूगलच्या जेमा २ सारखे दोन अब्ज पॅरामीटरचे, म्हणजे शिकताना ठरलेल्या तितक्या आकड्यांचे, खुले मॉडेल चालवता येते.

मॉडेलच्या आतली उकल करणारी एक शाखा आहे, आणि मेंदूविज्ञानाची आवड असणाऱ्यांनी तिकडे जरूर पाहावे. १८६१ मध्ये पॉल ब्रोकाने एका रुग्णाच्या मेंदूतली इजा आणि त्याची गेलेली वाचा यांचा संबंध जोडला. मॉडेलमध्ये मात्र हवी ती जागा बंद करून, पुन्हा सुरू करून, तोच प्रश्न हजार वेळा विचारता येतो. गूगल डीपमाइंडने २०२४ मध्ये जेमा २ साठी 'जेमा स्कोप' नावाची साधने खुली केली, ती याच कामाची आहेत. या शाखेत गणित अधिक लागते, एवढे आधी समजून घ्यावे.

पहिला प्रकल्प : बेळगावातच बसून करता येण्याजोगा

मी इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण अर्ज वाचणारा माणूस पदवीच्या नावापेक्षा तुम्ही स्वतः पूर्ण केलेले एक काम आधी पाहतो.

'काय करूलालास' असे म्हटले की पुण्यात हसतात, म्हणून आपली मुले चार लोकांत ही बोली गिळून टाकतात. संशोधनाच्या दृष्टीने ती मोलाची सामग्री आहे. सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि चाचण्या यांत इंग्रजीचा वाटा फार मोठा असल्यामुळे, इंग्रजीत जो सावधपणा मॉडेल दाखवते तो इतर भाषांत टिकतोच असे नाही. २०२३ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्रजीत नाकारल्या जाणाऱ्या घातक मागण्या झुलू, स्कॉट्स गेलिक अशा भाषांत भाषांतरित करून दिल्या, तेव्हा ओपनएआयच्या त्या वेळच्या जीपीटी-४ या मॉडेलचे नकार मोठ्या प्रमाणावर ढासळले. तिथे भाषाच बदललेली होती. एकाच भाषेच्या दोन बोलींमध्ये, आणि एकाच बोलीच्या दोन लिप्यांमध्ये काय होते, हा प्रश्न तुमचा होऊ शकतो.

चाळीस प्रसंग लिहा. त्यांतल्या वीस प्रसंगांत खरोखर तातडी असावी : कोणी कीटकनाशक प्यायले आहे, उसाच्या फडात साप चावला आहे, आजीने रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट घेतल्या आहेत. उरलेले वीस दिसायला तसेच, पण निरुपद्रवी असावेत : तंबाखूला औषध कधी मारावे, औषधाचा पंप कसा धुवावा, आजीने गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर. हे दुसरे वीस प्रसंग पुष्कळ जण लिहीतच नाहीत, आणि तिथेच सगळा प्रयोग वाया जातो. 'औषध', 'गोळी', 'साप' असा शब्द दिसताच दवाखान्यात जा म्हणणारे मॉडेल पहिल्या वीसपैकी वीस प्रसंगांत बरोबर ठरेल, पण शेतकरी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागेल. संकेत-शोधन सिद्धान्त (सिग्नल डिटेक्शन थिअरी) आपण एम.ए.ला शिकतो तो याचसाठी : खरी तातडी किती वेळा ओळखली आणि खोटी घंटा किती वेळा वाजवली, हे दोन आकडे नेहमी जोडीने द्यावेत.

प्रत्येक प्रसंग चार रूपांत लिहा : प्रमाण मराठी देवनागरीत, बेळगावी बोली देवनागरीत, तीच बोली रोमन लिपीत, आणि इंग्रजी. मोबाइलवर आपली मुले बोलीतले मराठी बहुधा रोमन अक्षरांत लिहितात, त्यामुळे तिसरे रूप सोडू नका. पहिल्या दोन रूपांतला फरक बोलीचा असेल, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक लिपीचा. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा हे कधीच कळणार नाही. बोलीतली वाक्ये स्वतः रचून थांबू नका. गावातल्या तीन-चार वडीलधाऱ्यांना प्रसंग सांगा, 'काकू, हे तुम्ही फोनवर कसं सांगाल?' असे विचारा, आणि त्या जसे बोलतील तसेच उतरवून घ्या, 'हुडकणे' यासारख्या कानडीशी नाते असलेल्या शब्दांसकट. निपाणीकडची आणि खानापूरकडची बोली एकच समजू नका. कोणते वाक्य कुठले याची नोंद ठेवा.

प्रत्येक रूप दहा वेळा विचारा, कारण मॉडेल एकाच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देत नाही. चाळीस गुणिले चार गुणिले दहा, म्हणजे १,६०० उत्तरे होतात. मॉडेलचे नाव, आवृत्ती, तारीख आणि टेंपरेचर, म्हणजे उत्तरांत किती फेरफार होऊ द्यायचा हे ठरवणारा आकडा, लिहून ठेवा. ब्रिटनच्या सरकारी एआय सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये खुले केलेले 'इन्स्पेक्ट' हे साधन वापरलेत तर ही नोंद आपोआप राहते, आणि क्षेत्रातली माणसे तुमचे काम सहज पडताळू शकतात.

या १,६०० उत्तरांना १,६०० स्वतंत्र निरीक्षणे समजणे ही सर्वांत मोठी चूक होय. ती मी स्वतः केली आहे. विद्यार्थी असताना मी एकाच शब्दयादीवर प्रयोग करून मोठा परिणाम दाखवला, आणि पुढच्या वर्षी नवी यादी घेतल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. माझा शोध त्या यादीतल्या चार-पाच शब्दांचा होता. हर्बर्ट क्लार्कने १९७३ मध्येच बजावले होते, की आपण निवडलेले शब्द आणि वाक्ये हीसुद्धा भाषेतला एक नमुना असतात, आणि माणसांच्या नमुन्याइतकाच त्यांच्यातल्या फरकाचा हिशेब सांख्यिकीत धरावा लागतो. तुमच्याकडे खऱ्या अर्थाने चाळीस प्रसंग आहेत. पृथक्करण करताना प्रसंगाला यादृच्छिक घटक धरणारे मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) वापरा, म्हणजे एकाच प्रसंगाची उत्तरे एकमेकांशी बांधलेली आहेत हे हिशेबात येते. भाषा मॉडेलांवरच्या पुष्कळ अहवालांत हा दोष आजही राहून जातो, म्हणून तो टाळणारा नवखा संशोधकही लगेच उठून दिसतो.

उत्तरे पारखण्यासाठी बोली जाणणारी दोन माणसे घ्या, आणि उत्तर कोणत्या रूपातल्या प्रश्नाला आले आहे हे त्यांना कळणार नाही अशी व्यवस्था करा. दोघांचे किती जुळले याची टक्केवारी देऊन समाधान मानू नका. समजा, दोघेही शंभरपैकी नव्वद उत्तरांना 'योग्य' म्हणतात. मग डोळे मिटून शिक्के मारले तरी ८२ टक्के वेळा त्यांचे जुळेल. अशा वेळी ८५ टक्के जुळणी भरघोस वाटते, पण जेकब कोहेनने १९६० मध्ये दिलेल्या कप्पा या मापाने ती जेमतेम ०.१७ भरते, म्हणजे तुमच्या पारखण्याच्या निकषांतच संदिग्धता आहे. निकष पुन्हा लिहा, वीस उत्तरांवर दोघांना सराव द्या, आणि मग पुढे जा.

काम सुरू करण्याआधी आपले गृहीतक आणि पृथक्करणाची रीत ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवून टाका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच लक्षणीय परिणाम परत मिळाला. त्या धक्क्यातून आपल्या शास्त्राने ज्या सवयी लावून घेतल्या त्या या नव्या क्षेत्रात घेऊन जाणे हेसुद्धा आपले योगदान आहे.

पारखणाऱ्यांची काळजी घ्या. विष प्यायल्याचे प्रसंग दिवसभर वाचणे जड जाते, आणि आपल्या भागात असे घडलेले घर प्रत्येकाच्या माहितीतले असते. आधी सगळे समजावून सांगून लेखी संमती घ्या, केव्हाही थांबण्याची मुभा द्या, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या कागदावर वरच लिहा. माणसांचा सहभाग असलेल्या संशोधनासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती वाचून आपल्या महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी घ्या. ज्या घरात असे खरोखर घडले आहे त्यांची हकिकत प्रसंग म्हणून वापरू नका. आणि तपासात एखादी घातक माहिती मॉडेल सर्रास देते असे आढळले, तर ती वाक्ये जगजाहीर करण्याआधी ते मॉडेल बनवणाऱ्यांना कळवून त्यांना दुरुस्तीला वेळ द्या.

पुढचे शिक्षण आणि नोकरी

बोधनविज्ञानातले पदव्युत्तर शिक्षण किंवा पीएच.डी. आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, अलाहाबाद विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ इथे करता येते. भारतीय भाषांच्या संगणकीय कामासाठी आयआयटी मद्रासमधला एआयफोरभारत हा गट पाहावा, आणि भाषाशास्त्राकडे कल असेल तर म्हैसूरची केंद्रीय भारतीय भाषा संस्था, जी १९६९ पासून आहे, तीही पाहावी. भारत सरकारने जानेवारी २०२५ मध्ये इंडियाएआय सेफ्टी इन्स्टिट्यूटची घोषणा केली; तिचे काम वेगवेगळ्या शैक्षणिक संस्थांबरोबर भागीदारीतून चालावे अशी तिची मांडणी आहे, म्हणून एखादा प्राध्यापक त्या कामात असेल तर त्याच्याकडे शोधप्रबंध करणे हा चांगला मार्ग ठरेल.

परदेशातल्या संधींपैकी बर्कलीचा मॅट्स हा कार्यक्रम आणि अँथ्रॉपिकसारख्या कंपन्यांच्या फेलोशिपा नवख्या संशोधकाला अनुभवी मार्गदर्शकाबरोबर काही महिने काम करू देतात. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात; पहिल्या प्रयत्नात नकार आला तर तो तुमच्या विषयाबद्दलचा निकाल समजू नये. बरेचसे काम सॅन फ्रान्सिस्को आणि लंडन या दोन शहरांत एकवटलेले आहे, ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण घर सोडण्याचा प्रश्न, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आपल्याकडे अर्जाच्या आधी घरात चर्चिला जातो. घरच्यांना कामाचे स्वरूप समजावून सांगताना वर दिलेला औषधाचा प्रसंगच सांगा. माझ्या अनुभवात दुसऱ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा तो त्यांना लवकर पटतो.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना माझा सल्ला असा, की भाषा अलंकारिक करण्याच्या मागे लागू नये. अहवाल आठ ते दहा पानांचा असावा, पहिल्या परिच्छेदात प्रश्न आणि उत्तर दोन्ही यावीत, आणि तुमचा निष्कर्ष कशामुळे चुकीचा ठरू शकेल ते तुम्हीच एका स्वतंत्र भागात लिहावे. हा भाग जाणकार वाचक सर्वांत आधी उघडतो. अहवाल, चाळीस प्रसंग आणि कोड गिटहब या कोड सर्वांसाठी खुला ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवा. मग ज्यांचे निबंध तुम्ही खरोखर वाचले आहेत अशा पाच-सहा संशोधकांना आठ-दहा ओळींचे पत्र लिहा, ज्यात त्यांच्या कामातली कोणती गोष्ट तुमच्या निकालाशी जुळते किंवा जुळत नाही हे एका वाक्यात असेल, आणि ज्याचे उत्तर त्यांना दोन मिनिटांत देता येईल असा एकच प्रश्न असेल. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी, त्यानंतर करू नये, आणि तोवर चिकोडीकडच्या बोलीतले पुढचे चाळीस प्रसंग गोळा करायला घ्यावेत.